खाडीवर विझलेला तारा

प्रश्न : परवा संध्याकाळी साडेसातच्या सुमारास घंटाळीच्या आमच्या गच्चीवरून एक ठिपका लुकलुकत सरकताना दिसला आणि खाडीच्या बाजूला जाता जाता विझला. तो अवकाशातला कचरा होता का? असले तुकडे दुर्बिणीने हुडकतात कसे?
(एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : लाल-हिरवे दिवे नसतील तर बहुधा विमान नव्हे. ठिपका विझला तो पृथ्वीच्या सावलीत शिरल्यामुळे. ही सावली पूर्वेकडून वर चढते, म्हणून तुमच्याकडून पाहिलं तर खाडीच्याच बाजूला. आपल्याकडे दिवेलागण झाली तरी ५०० किलोमीटर उंचीवर ऊन असतं. अगदी डोक्यावरच्या वस्तूवर ते दीड-पावणेदोन तास टिकतं. दुर्बिणीलाही तेवढाच वेळ मिळतो, संध्याकाळी थोडा, पहाटे थोडा. मध्यरात्री आकाश कितीही काळंभोर असो, खालच्या कक्षेतला कचरा बहुतेक सावलीत असतो. आणि पावसाळ्याचं तर बोलायलाच नको! तिथे रडारच लागतं. कचऱ्यावर नजर ठेवणाऱ्या इस्रोच्या ‘नेत्र’ प्रकल्पात म्हणूनच रडार आणि दुर्बीण दोन्ही आहेत.

लुकलुकणं ठराविक अंतराने होत असेल तर रिकामं रॉकेट असण्याची शक्यता दाट. उन्हात भिरकावलेलं स्टीलचं झाकण गिरक्या घेत चमक मारतं, तसं ते. चालू उपग्रह सहसा असा कोलांट्या खात नाही.

आता हुडकण्याबद्दल. कॅमेरा ताऱ्यांवर स्थिर धरला की फोटोत तारे ठिपके उमटतात आणि कचरा रेघ. आजूबाजूच्या ताऱ्यांवरून रेघेच्या टोकांची जागा काढायची, अचूक घड्याळावरून वेळ. पण एका रेघेतून दिशाच कळते, अंतर नाही. अशा बऱ्याच रेघा जमल्या की कक्षा पक्की होते. अडचण वेगाची. डोक्यावरून जाताना वस्तू सेकंदाला पावणेदोन चंद्रांएवढं अंतर कापते, उजेड रेघभर पसरून फिका होतो आणि बारीक तुकडे निसटतात. खालच्या कक्षेत नियमित नोंद राहते ती साधारण १० सेंटीमीटर आणि त्याहून मोठ्या वस्तूंची.

शिवाय एकदा काढलेली कक्षा टिकत नाही. तिथल्या विरळ हवेचं घर्षण कमीजास्त होतं, म्हणून पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. याच घर्षणाने वस्तू शेवटी खालीही येतात. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवते? आकाशातून जळते गोळे गेले आणि चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेल्या चिनी रॉकेटचा तो भाग असावा, असं जाणकारांचं मत पडलं. असलं धूड कुठे पडेल हे आधी का सांगता येत नाही? ठाणे ते चंद्रपूर हे अंतर ते दीड मिनिटात कापतं, आणि पडण्याच्या वेळेचा अंदाज काही तास आधीसुद्धा मिनिटांनी नव्हे, तासांनी चुकू शकतो.

पुढच्या वेळी ठिपका दिसला तर तो विझण्याची वेळ सेकंदासकट टिपून ठेवा, आणि जवळ कुठला तारा होता तेही.