एका संगणकातले सोशिक जाळे

दोन यंत्रांनी परस्परांशी कोणत्या क्रमाने, कोणत्या आकाराचे आणि कोणत्या अर्थाचे संदेश पाठवावेत हे ठरवणाऱ्या नियमांच्या संचाला संगणकशास्त्रात प्रोटोकॉल म्हणतात, आणि असे नियम पाळणारे सॉफ्टवेअर तपासायचे तर निदान दोन यंत्रे, आणि ते राउटिंगचे, म्हणजे पॅकेटांचा मार्ग ठरवण्याचे, सॉफ्टवेअर असेल तर चार-पाच यंत्रे हाताशी असावी लागतात. विद्यार्थ्याला किंवा एकट्याने काम करणाऱ्या प्रोग्रामरला एवढी यंत्रे जमवणे सहसा परवडत नाही. म्हणून एकाच संगणकाच्या पोटात अनेक आभासी यंत्रे, ज्यांना रोजच्या बोलण्यात व्हीएम म्हणतात, उभी करून त्यांचेच छोटे जाळे विणण्याची पद्धत रूढ झाली आहे. कल्पना तशी जुनी आहे. आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ साली जाहीर केली होती. पण घरच्या संगणकावर ही सोय आली ती १९९९च्या व्हीएमवेअर वर्कस्टेशनपासून, आणि २००७ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएम दाखल झाल्यावर ती फुकट आणि वेगवानही झाली.

एकाच संगणकावर दोन प्रोग्राम एकमेकांशी बोलते करून भागत असताना आभासी यंत्रांचा खटाटोप कशाला, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर कर्नलच्या एका सवयीत आहे. लिनक्सला एखादे पॅकेट आपल्याच कोणत्या तरी पत्त्यासाठी आहे असे दिसले की तो ते बाहेर पाठवतच नाही, लूपबॅक या आतल्या वाटेने परत वळवतो. संगणकात दोन नेटवर्क कार्डे बसवून त्यांच्यामध्ये खरी केबल जोडली, तरी एका कार्डाच्या पत्त्यावरून दुसऱ्याच्या पत्त्याकडे निघालेले पॅकेट त्या केबलीला शिवत नाही. शिवाय लूपबॅकवर एका वेळी ६५,५३६ बाइटचे पॅकेट जाऊ शकते, तर साध्या इथरनेटवर ही मर्यादा १५०० बाइट असते. त्यामुळे मोठ्या संदेशाचे तुकडे करण्याचा आणि ते पुन्हा जोडण्याचा कोडचा भाग या चाचणीत जागाच होत नाही. प्रत्येक टोकाला स्वतःचा स्वतंत्र कर्नल देणे हा आभासी यंत्रांचा खरा उपयोग आहे. लिनक्समधील नेटवर्क नेमस्पेस आणि त्यावर उभारलेले मिनीनेट यांनी हेच काम पुष्कळ कमी मेमरीत होते हे खरे. मात्र तिथे कर्नल सर्वांचा एकच राहतो, आणि तपासायचा भाग कर्नलमध्येच असेल किंवा समोरचे टोक वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचे हवे असेल, तर व्हीएमला पर्याय उरत नाही.

या वाटेने जाणाऱ्याला पहिली ठेच बहुधा ओळखीच्या गोंधळात लागते. व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या यंत्राला आपोआप मिळणारी नेटवर्कची तऱ्हा नॅट ही असते, आणि तिच्यात प्रत्येक यंत्राला १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो, कारण प्रत्येकाभोवती एक वेगळे, बंदिस्त जाळे कल्पिलेले असते. दोन्ही यंत्रांना इंटरनेट दिसते, पण ती एकमेकांना दिसत नाहीत. नवखा माणूस मात्र दोष आपल्या प्रोग्राममध्ये शोधत बसतो. क्यूएमू हे तसेच दुसरे सॉफ्टवेअर हाताने चालवले आणि मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, दिला नाही, तर प्रत्येक यंत्राला ५२:५४:००:१२:३४:५६ हाच क्रमांक मिळतो, आणि मग यंत्रांना जोडणारा ब्रिज, म्हणजे आभासी स्विच, एकच क्रमांक कधी या दाराशी तर कधी त्या दाराशी पाहून काही पॅकेटे इकडे, काही तिकडे टाकतो. सर्वांत फसवा प्रकार नकलेचा आहे. एक यंत्र नीट बसवून त्याच्या चार प्रती काढल्या आणि मॅक पत्ते आठवणीने बदलले, तरी काही लिनक्स प्रणाली डीएचसीपीकडे, म्हणजे नव्याने आलेल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, पत्ता मागताना मॅकऐवजी मशीन-आयडी या फाइलीतून बनवलेली ओळख सांगतात; ती फाइल चारही प्रतींत सारखीच असल्याने चौघांना एकच पत्ता मिळतो. मूळ यंत्राची नक्कल काढण्यापूर्वी ही फाइल रिकामी करणे हा त्यावरचा दोन सेकंदांचा उपाय आहे. तो माहीत नसेल तर मात्र अख्खी संध्याकाळ जाते.

दुसरा धोका यापेक्षा गंभीर आहे, कारण त्याची झळ इतरांना लागते. ब्रिज्ड या तऱ्हेत आभासी यंत्र यजमान संगणकाच्या खऱ्या नेटवर्क कार्डातून थेट बाहेरच्या जाळ्याशी जोडले जाते आणि कार्यालयातील इतर संगणकांच्या शेजारी, त्यांच्यातलेच एक होऊन बसते. प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली चूक नेमकी इथली आहे. डीएचसीपी सर्व्हरची चाचणी चालू असताना काही पॅकेजेस उतरवून घेण्यासाठी व्हीएमचे कार्ड घटकाभर ब्रिज्ड केले गेले आणि ते तसेच राहून गेले. डीएचसीपीत पत्ता मागणारे यंत्र सर्वांना उद्देशून हाक मारते आणि सहसा पहिल्यांदा ओ देणाऱ्याचा पत्ता घेते. आभासी सर्व्हर त्याच मजल्यावरच्या स्विचवर असल्याने तो खऱ्या सर्व्हरच्या आधी बोलू लागला. दुपारच्या जेवणानंतर ज्यांनी ज्यांनी लॅपटॉप उघडले त्यांना अस्तित्वात नसलेल्या गेटवेचा पत्ता मिळाला, आणि ‘नेट गेलं’ अशी ओरड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेली.

कारण लक्षात येताच व्हीएम बंद केले गेले, पण त्याने काही सुधारले नाही. पत्त्याची मुदत, जिला लीज म्हणतात, चाचणीसाठी २४ तास ठेवलेली होती. आणि नियमानुसार पत्ता घेतलेले यंत्र निम्मी मुदत, म्हणजे १२ तास, कोणाला काही विचारतच नाही, त्यानंतर ज्याने पत्ता दिला त्या सर्व्हरलाच विचारत राहते, आणि २१ तास उलटल्यावरच पुन्हा सर्वांना हाक मारते. थोडक्यात, दोषी यंत्र मेल्यावरही त्याने दिलेला पत्ता जवळजवळ दिवसभर जगतो. प्रत्येक टेबलाशी जाऊन नेटवर्क बंद-चालू करून देण्यात आणि ‘आता बघा बरं’ म्हणण्यात उरलेला दिवस गेला. लीज पाच मिनिटांची ठेवली असती तर हे संकट चहा होईपर्यंत आपोआप ओसरले असते.

यातून निघणारी रीत सोपी आहे. चाचणीच्या यंत्रांना दोन कार्डे द्यावीत. एक नॅटचे, फक्त पॅकेजेस उतरवण्यासाठी, आणि दुसरे पूर्ण आतल्या जाळ्याचे, ज्याला व्हर्च्युअलबॉक्समध्ये इंटर्नल नेटवर्क म्हणतात. लिनक्सवर त्याच कामासाठी एकही खरे कार्ड न जोडलेला ब्रिज पुरतो. तपासायचा सर्व्हर या दुसऱ्या कार्डाशीच बांधावा. असे केले की पुढे कधी कार्डाची तऱ्हा बदलण्याची गरजच पडत नाही, आणि विसरण्यासारखे काही उरत नाही. ब्रिजांची गोलाकार रचना करून पाहणाऱ्याने तर ही शिस्त कटाक्षाने पाळावी. इथरनेटच्या फ्रेमला वयोमर्यादा नसते, त्यामुळे फेऱ्यात सापडलेली प्रसारणाची फ्रेम कोणी वाट तोडेपर्यंत फिरत राहते, आणि ती वाट कार्यालयाच्या स्विचमधून जात असेल तर सगळ्यांचेच काम थांबते.

इथपर्यंतच्या चुका निदान दिसतात तरी. न दिसणारी चूक वेगळीच आहे, आणि ती एकाच संगणकातल्या जाळ्याच्या स्वभावातून येते: हे जाळे कमालीचे सोशिक असते. त्यात पॅकेट हरवत नाही, उशिरा येत नाही, क्रम बदलत नाही, आणि दोन्ही टोकांना एकाच माणसाने लिहिलेला एकच प्रोग्राम बसलेला असल्याने एकाचा गैरसमज दुसऱ्यालाही तसाच असतो.

टीसीपीचेच पाहावे. टीसीपी संदेश पोहोचवत नाही, बाइटांचा प्रवाह पोहोचवतो. पाठवणाऱ्याने २०० बाइट एकदम लिहिले म्हणून घेणाऱ्याला ते एकदम मिळतील असे वचन त्यात नाही. पण दोन व्हीएममध्ये हे २०० बाइट जवळजवळ नेहमीच एका घासात येतात, त्यामुळे एकदा वाचले की संदेश पूर्ण मिळाला असे गृहीत धरणारा कोड महिनोन् महिने बिनतक्रार चालतो, आणि ग्राहकाच्या मोबाइल नेटवर्कवर पहिल्याच दिवशी ६० आणि १४० असे दोन तुकडे आल्यावर कोसळतो. यासाठी पाठवणाऱ्या बाजूला एक वात्रट साधन लिहून ठेवावे, जे प्रत्येक संदेश एकेक बाइट करून, मध्ये थोडे थांबत पाठवते. वीस ओळींचे हे साधन मोठमोठ्या चाचणीसंचांपेक्षा अधिक चुका पकडून देते.

बाइटांच्या क्रमाचेही तसेच आहे. दोन बाइटांची संख्या नेटवर्कवर पाठवताना मोठ्या किमतीचा बाइट आधी जावा असा इंटरनेटच्या प्रोटोकॉलांचा दंडक आहे, तर इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांत लहान किमतीचा बाइट आधी ठेवतात. संदेशाची लांबी ५१२ असेल आणि क्रम उलटवायचा राहून गेला, तर तारेवर आधी ० आणि मग २ असे बाइट जातात. समोरच्या व्हीएममध्येही तीच चूक असल्याने तिथला प्रोग्राम त्यांचे पुन्हा ५१२ करतो आणि सर्व काही ठाकठीक दिसते. नियम पाळणारा त्रयस्थ प्रोग्राम मात्र ती लांबी २ अशी वाचतो, दोन बाइटांवर संदेश संपवतो आणि उरलेल्या ५१० बाइटांना नवा संदेश समजून गोंधळ घालतो. (८०८० ऐवजी ३६८९५ हा पोर्ट क्रमांक कुठे दिसला तर जाणत्याने दुसरे काही न तपासता आधी हेच तपासावे.) क्यूएमू आयबीएमच्या एस३९०एक्स या उलट क्रमाच्या यंत्राची हुबेहूब नक्कल करू शकते, ती संथ चालते, पण दोनपैकी एक टोक तसे ठेवले की ही चूक लपू शकत नाही.

विलंबाचा प्रश्न हिशेबाने समजून घ्यावा. समजा, प्रोग्राम पोचपावती येईपर्यंत जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट वाटेत ठेवतो. दोन व्हीएममधला जाण्यायेण्याचा वेळ अर्धा मिलिसेकंद धरला तर सेकंदाला सुमारे १३ कोटी बाइट जाऊ शकतात, म्हणजे गिगाबिटच्याही वर. आणि लिहिणारा खूश होतो. हाच वेळ १०० मिलिसेकंद झाला, जो खंडापलीकडच्या सर्व्हरसाठी मुळीच जास्त नाही, की वेग सेकंदाला साडेसहा लाख बाइटांवर, म्हणजे सव्वापाच मेगाबिटवर येतो, मग लाइन कितीही जाड असो. हा विलंब व्हीएममध्ये मुद्दाम घालण्यासाठी लिनक्समध्ये नेटेम ही सोय आहे. तिने उशीर, गळती, दुहेरी पॅकेटे, क्रमबदल असे सगळे खोडसाळपण करता येते. तिच्याबाबत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नेटेम फक्त बाहेर जाणाऱ्या पॅकेटांवर चालते, तेव्हा १०० मिलिसेकंद दोन्ही बाजूंना घातले तर जाण्यायेण्याचे २०० होतात. तिची रांग मुळात १००० पॅकेटांची असते, आणि गिगाबिट वेगाने १०० मिलिसेकंद धरून ठेवायला आठ हजारांवर पॅकेटांची जागा लागते, त्यामुळे मर्यादा वाढवली नाही तर न मागितलेली गळती सुरू होते. आणि गळती पाठवणाऱ्या यंत्रावरच घातली तर कर्नल ती वरच्या थराला कळवतो आणि टीसीपी गळती झालीच नाही असे वागू शकतो. म्हणून मध्ये एक तिसरे व्हीएम राउटर म्हणून बसवून नेटेम त्याच्यावर चालवावे. हे तीन मुद्दे चुकले तर मिळालेले आकडे कागदावर लिहिण्याच्या योग्यतेचेही नसतात.

पुरावा वाचतानाही सावध राहावे लागते. टीसीपीडम्प किंवा वायरशार्क या पॅकेटे टिपणाऱ्या साधनांत चेकसम, म्हणजे पॅकेट शाबूत आहे की नाही हे पडताळण्याची बेरीज, चुकीची दिसली तर बहुतेक वेळा ती चूक नसते. ती बेरीज कार्डाने करावी म्हणून कर्नलने सोडून दिलेली असते आणि आभासी कार्डाला ती करण्याची गरज वाटत नाही. १५०० बाइटांच्या जाळ्यात ६० हजार बाइटांचे पॅकेट दिसण्याचे कारणही असेच कार्डावर ढकललेले काम असते. एथटूल या साधनाने या सवलती बंद केल्या की चित्र खरे होते. लिनक्सचा ब्रिज एलएलडीपीसारख्या काही प्रोटोकॉलांच्या फ्रेम नियमानुसार पुढे जाऊच देत नाही, हेही लक्षात असू द्यावे. वेळेच्या बाबतीत तर यजमान संगणकच साक्ष बिघडवतो: शेजारी जिवंत आहे की नाही हे बीएफडी या प्रोटोकॉलने ५० मिलिसेकंदांच्या अंतराने तीनदा विचारायचे ठरवले असेल, तर यजमानावर मोठे कंपाइल सुरू होताच १५० मिलिसेकंदांची वाट पाहून संबंध तुटतो, आणि दोष प्रोटोकॉलच्या माथी येतो.

स्वतःच्याच प्रोग्रामशी स्वतःच्या प्रोग्रामचे बोलणे लावून झाले की दुसऱ्याच्या प्रोग्रामशी गाठ घालून द्यावी. इंटरनेटच्या मानकांची कार्यपद्धती सांगणाऱ्या १९९६च्या आरएफसी २०२६ मध्ये मानकाला पुढची पायरी देण्यापूर्वी वेगवेगळ्या कोडमधून लिहिलेल्या निदान दोन प्रोग्रामांचे परस्परांशी जमले पाहिजे अशी अट होती, ती उगीच नव्हे. राउटिंगसाठी एफआरराउटिंग आणि बर्ड हे दोन्ही खुले प्रोग्राम एकेका व्हीएममध्ये सहज बसतात.

आणि शेवटी दोन जुने लॅपटॉप आणि त्यांना थेट जोडणारी एक केबल मिळवावी, कारण आभासी जाळ्यात शेजारचे यंत्र बंद पडले तरी मधला ब्रिज चालू असतो आणि आपल्या कार्डाला जोडणी शाबूतच वाटते. म्हणून तिथे ओएसपीएफ हा राउटिंग प्रोटोकॉल वापरणारा राउटर त्याच्या नेहमीच्या वेळापत्रकानुसार ४० सेकंद शेजाऱ्याच्या हॅलो संदेशाची वाट पाहून मग शेजाऱ्याला मृत ठरवतो. थेट केबल उपटली की मात्र कार्ड त्याच क्षणी जोडणी गेल्याचे सांगते, आणि प्रोग्राममधली ती बातमी ऐकणारी वाट, जी व्हीएमच्या इतक्या चाचण्यांत एकदाही चालली नव्हती, पहिल्यांदा चालते.