थंडीत गाडी सुरू होत नाही? ग्लो प्लगची तपासणी पायरीपायरीने



किनवट आणि माहूर तालुक्यांतील गोंड, कोलाम, आंध, परधान वस्त्यांवर काम करणाऱ्यांसाठी डिझेल गाडी ही चैन नाही. वाट खराब असल्यामुळे १०८ ची रुग्णवाहिका वस्तीपर्यंत पोहोचू शकत नाही, तेव्हा बाळंतिणीला डांबरी रस्त्यापर्यंत आणायला हीच गाडी लागते. पुढे नांदेड शंभराहून अधिक किलोमीटर. अशा पहाटे सेल्फ नुसताच फिरत राहिला, तर गेलेली दहा मिनिटे परत मिळत नाहीत.

अशा वेळी “बॅटरी गेली” म्हणून नवी बॅटरी घेतली जाते. दोष तिथे नसेल तर पैसाही जातो आणि दोषही तसाच राहतो. बहुतेक जुन्या गाड्यांत एका बॅटरीच्या किमतीत चारही ग्लो प्लग येतात. वस्तू बदलण्यापूर्वी मोजून पाहावे, एवढेच या पाठाचे सांगणे आहे.

ग्लो प्लग काय करतो?

पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेलमध्ये नसते. हवा जोरात दाबली की तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेट घेते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे इंजिनाचे लोखंड गार असते, ते ही उष्णता शोषून घेते. म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये पेन्सिलीएवढा एक विजेचा हीटर बसवलेला असतो. तोच ग्लो प्लग. आपले मिस्त्री त्याला हीटर प्लग म्हणतात. त्याचे टोक काही सेकंदांत ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापते.

वीज बॅटरीतून निघते, मोठ्या फ्यूजमधून रिलेत येते, तिथून जाड वायरने प्लगांवरच्या पट्टीवर आणि प्लगमधून इंजिनाच्या अंगाने परत बॅटरीला जाते. चार प्लग असतील तर ते बहुतेक गाड्यांत समांतर जोडलेले असतात. म्हणून एक मेला तरी बाकीचे तीन चालतात आणि दोष झाकला जातो. दुसरा मेला, थंडी वाढली, की मग गाडी अडते.

काही डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांत ग्लो प्लग नसतोच. आधी गाडीचे पुस्तक पाहा.

दोष खरोखर ग्लो प्लगचा आहे का?

• सेल्फ जोरात फिरतो, पांढरा, डिझेलच्या वासाचा धूर येतो. सुरू झाल्यावर इंजिन मिनिटभर थरथरते, मग नीट चालते: संशय ग्लो प्लगवर.
• सेल्फ फिरतो पण धूर अजिबात नाही: डिझेल पोहोचत नसावे. फिल्टर, पाइप, पंप पाहा.
• सेल्फच मंद फिरतो: आधी बॅटरी आणि तिची टोके पाहा.
• इंजिन गरम असतानाही सुरू होत नाही: दोष बहुधा दुसरीकडे.

तपासणीचा क्रम

लागणारी साधने: १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, साधा मल्टिमीटर, पाने. इंजिन पूर्ण गार असताना तपासा. गरम इंजिनात काही गाड्यांचा टायमर वीज सोडतच नाही.

१. बॅटरी. गाडी रात्रभर उभी असेल तर सुमारे १२.६ व्होल्ट दिसावेत. १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा.

२. डॅशबोर्डवरचा दिवा. वेटोळ्याचा पिवळा दिवा लागून विझला म्हणजे प्लग तापले, असे समजू नका. पुष्कळ गाड्यांत तो फक्त टायमर दाखवतो. चारही प्लग मेलेले असले तरी तो लागतो.

३. पट्टीवरील वीज. एकाने चावी फिरवावी, दुसऱ्याने मीटरचे लाल टोक पट्टीवर आणि काळे बॅटरीच्या वजा टोकावर ठेवावे. ११ व्होल्टच्या आसपास आले तर पट्टीपर्यंतचा मार्ग ठीक. ८-९ आले तर एखादा जोड गंजलेला किंवा सैल आहे. शून्य आले तर पुढच्या पायरीवर जा.

४. फ्यूज आणि रिले. चावी फिरवताच रिलेचा ‘टक्’ आवाज येतो का ते ऐका. रिलेच्या दोन जाड टोकांपैकी एकावर कायम वीज असते, दुसऱ्यावर चावी फिरवल्यावर येते. पहिल्यावर नसेल तर फ्यूज किंवा वायर तुटली आहे. पहिल्यावर आहे, आवाजही येतो, पण दुसऱ्यावर नाही, तर रिलेचे आतले टोक जळले आहे. आवाजच नसेल तर रिलेला हुकूम देणारी बारीक वायर किंवा टायमर पाहा.

५. एकेक प्लग. चावी बंद करून पट्टी काढा. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या अधिक टोकाला लावा आणि टोक प्लगच्या माथ्याला टेकवा. दिवा लागला नाही तर त्या प्लगची तार तुटली आहे. मग मीटरने प्लगचा माथा आणि इंजिन यांमधील ओहम मोजा. चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. मीटरच्या वायरींचाही थोडा ओहम असतो. दोन्ही टोके एकमेकांना टेकवून तो आकडा वजा करा. चारही प्लगांची आपसात तुलना करा, वेगळा पडलेला प्लग दोषी.

६. अर्थ. प्लग तापत असताना बॅटरीचे वजा टोक आणि इंजिनाचे अंग यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर इंजिनाची अर्थ पट्टी घासून घट्ट करा.

हे कधीही करू नका

• मीटर अँपिअरवर ठेवून प्लगला जोडू नका. एक प्लग दहा किंवा अधिक अँपिअर ओढतो, मीटर जळेल.
• रिले टाळून थेट वायर टाकू नका. टायमर नसला की प्लग तापतच राहतो आणि त्याचे टोक फुटून सिलिंडरमध्ये पडू शकते.
• नव्या कॉमन रेल गाड्यांतील काही प्लग १२ व्होल्टपेक्षा कमी दाबाचे असतात. ते बॅटरीला थेट लावून पाहू नका.
• हवेच्या पाइपशी पेटता बोळा धरू नका आणि ग्लो प्लग चालू असताना ईथरचा फवारा मारू नका. स्फोट होतो.
• अडकलेला प्लग जोराने फिरवू नका. मोडला तर हेड उतरवावे लागते. इंजिन कोमट करा, गंज सोडवणारे तेल टाकून थांबा, मग हळूहळू सोडवा.

दिवाळीनंतरचे काम

नांदेड किंवा लातूरच्या बाजारातून सुटा भाग मागवायला दिवस जातो. म्हणून ही तपासणी दिवाळीनंतर, थंडी सुरू होण्यापूर्वी करा. चारही प्लगांचे ओहम गाडीच्या वहीत तारखेसह लिहा. गाडीच्या क्रमांकाचा एक प्लग आणि एक रिले डब्यात ठेवा. चालक बदलला तरी वही बदलत नाही.

चालकबंधूंबरोबर चर्चेसाठी

१. एक प्लग मेला तरी गाडी का चालते?
२. डॅशबोर्डचा दिवा लागतो, तरी पट्टीवर वीज का मोजायची?
३. आपल्या गाडीच्या वहीत प्लगांची शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे?