बेकारी भत्ता नामंजूर झाला तर : अमेरिकेतील अपिलाची रीत

मालकाने नोकरीवरून काढले म्हणजे कामगाराचाच कसूर असणार, असे लोक सहज धरून चालतात. अमेरिकेतील बेकारी विम्याचा कायदा असे धरून चालत नाही. नोकरी जाणे ही एक गोष्ट आणि भत्त्याचा हक्क जाणे ही दुसरी, असा फरक तो करतो. आपल्या बिरादरीतील मुले-मुली तिकडे दुकानांत, कारखान्यांत, कचेऱ्यांत काम करतात. काहींनी स्वतःचा धंदा काढून नोकरही ठेवले आहेत. म्हणून कामगार आणि मालक अशा दोन्ही बाजूंनी हा कायदा समजून घेऊ या.

पैसा कोणाचा?

अमेरिकेत असा पहिला कायदा १९३२ साली विस्कॉन्सिन राज्याने केला. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानंतर तो देशभर पसरला. नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. भत्त्याचा पैसा मुख्यतः मालकांवरील करातून येतो. बहुतेक राज्यांत कामगाराच्या पगारातून यासाठी काही कापत नाहीत. ज्या मालकाने काढलेले लोक जास्त भत्ता घेतात, त्याच्या कराचा दर चढतो. त्यामुळे मालक पुष्कळदा अर्जाला हरकत घेतो. त्यात वैर कमी आणि हिशेब जास्त असतो. आम्ही व्यापारी आहोत, हा हिशेब आम्हाला चांगला कळतो.

सरकारी दफ्तराचा पहिला निकाल बहुधा कागद आणि फोनवरील थोडी विचारपूस एवढ्यावरच होतो. दोन्ही पक्षांना समोरासमोर ऐकलेले नसते. म्हणून नकाराचे पत्र आले की सगळे संपले असे समजू नये.

का काढले, हा खरा सवाल

धंदा मंदावला म्हणून काढले, तर सहसा तक्रार उरत नाही. वाद होतो तो ‘गैरवर्तन’ या शब्दावर. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४१ साली एका टॅक्सीचालकाच्या दाव्यात या शब्दाचा अर्थ सांगितला आणि पुढे अनेक राज्यांनी तोच उचलला. मालकाचे हित जाणूनबुजून तुडवणे, हे गैरवर्तन. हात सावकाश चालणे, काम नीट न जमणे, एखादे वेळी साधी चूक होणे, हे गैरवर्तन नव्हे. अशा माणसाला काढण्याचा अधिकार मालकाला आहे, पण तेवढ्यावरून भत्ता बंद होत नाही. आणि गैरवर्तन झाले हे शाबित करण्याचा भार सहसा मालकावर असतो.

गिरणीतील बाईचा दावा

आम्ही कापडाच्या धंद्यातले, म्हणून हा दावा आम्हाला विशेष वाटतो. दक्षिण कॅरोलायना राज्यातील स्पार्टनबर्ग गावी अॅडेल शरबर्ट नावाची बाई कापडगिरणीत कामाला होती. तिच्या ख्रिस्ती पंथात शनिवार हा इबादतीचा दिवस. गिरणी आठवड्यात पाच दिवस चाले तोवर अडचण नव्हती. १९५९ साली शनिवारचेही काम सुरू झाले. तिने त्या दिवशी येण्यास नकार दिला आणि तिला काढण्यात आले. आसपासच्या गिरण्यांतही शनिवार मोकळा मिळेना. योग्य काम विनाकारण नाकारले, असे म्हणून राज्याने भत्ता दिला नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातही ती हरली.

ती थांबली नाही. १९६३ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. धर्म किंवा भत्ता, दोहोंतून एक निवड, असे राज्य माणसाला म्हणू शकत नाही, हे त्यातील तत्त्व. १९८९ च्या एका निकालाने पुढे सांगितले की माणूस एखाद्या पंथाचा सभासद असलाच पाहिजे असे नाही, श्रद्धा प्रामाणिक असली म्हणजे झाले. मात्र याला हद्द आहे. धार्मिक विधीत कायद्याने मना असलेली नशेची वनस्पती घेतली म्हणून काढलेल्या दोघांचा दावा १९९० साली याच न्यायालयाने फेटाळला. जुम्म्याच्या नमाजसाठी वेळ मागणाऱ्यानेही ही हद्द आणि तो हक्क दोन्ही ध्यानात ठेवावे. आपली अडचण मालकाला आधीच, शक्य तर लेखी कळवावी.

अपील करताना

१. पत्रावरील तारीख पाहावी. टेक्सासमध्ये मुदत १४ दिवसांची, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कमध्ये ३० दिवसांची. पत्र हाती कधी पडले यापेक्षा ते रवाना कधी झाले याला महत्त्व असते. उशीर झालाच तर सबळ कारण द्यावे लागते.

२. अपील चालू असतानाही ठरलेल्या मुदतीनुसार भत्त्याची मागणी भरत राहावी व काम शोधत राहावे. हे सोडले तर अपील जिंकूनही मधल्या आठवड्यांचे पैसे बुडू शकतात.

३. सुनावणीपूर्वी फाइल मागवून मालकाने काय लिहिले आहे ते वाचावे. उत्तर त्या आरोपाला द्यावे. सगळ्या नोकरीची रामकहाणी सांगत बसू नये.

४. हजेरीचे कागद, मालकाशी झालेला पत्रव्यवहार, डॉक्टरचा दाखला आधी पाठवावा. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार स्वतः बोलला तर त्याचे वजन त्याच्या चिठ्ठीपेक्षा जास्त.

५. सुनावणी पुष्कळदा फोनवर होते, पण ती शपथेवर असते आणि रेकॉर्ड होते. इंग्रजी अडत असेल तर दुभाषा आधीच मागावा. वकील सक्तीचा नाही.

६. पुरावा राखून ठेवू नये. वरची पायरी बहुधा याच सुनावणीतील नोंदीवर निकाल देते. नवा कागद तिथे क्वचितच घेतात.

मालकांनी काय करावे

नोकराला काढण्याची वेळ आलीच तर आधी नियम सांगितलेला असावा, ताकीद तारखेसह लेखी दिलेली असावी, आणि सुनावणीस ज्याने प्रकार पाहिला त्यालाच बोलवावे. नुसते ‘तो बरा माणूस नव्हता’ म्हणून चालत नाही. आणि ज्याचा कसूर नाही, त्याच्या भत्त्याला केवळ कर वाचवण्यासाठी हरकत घेणे हा धंदा नव्हे. तो पैसा म्हणजे त्याच्या घरचे भाडे आणि चूल असते.

वहीत रोजची नोंद ठेवणारा व्यापारी हिशेबाच्या दिवशी डगमगत नाही. कामगाराने आपल्या नोकरीची अशीच वही ठेवावी, आणि नकाराचे पत्र आले की त्याच दिवशी मुदत मोजून कामाला लागावे.