सांगाड्याच्या पोकळींत पडलेला बोल्ट

मोटारीच्या सांगाड्यावर एखादा भाग बसवीत असतां हातांतला बोल्ट निसटतो, जवळच्या भोंकांतून आंत जातो, टण् असा एक आवाज होतो, पाठोपाठ घरंगळल्याचा दुसरा, आणि मग सारें शांत! मोटारदुरुस्तीच्या धंद्यांत हा प्रसंग इतका नित्याचा आहे कीं, त्यावर शाळेच्या वार्षिकांत लेख लिहावा याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु या लहानशा अडचणींत पदार्थविज्ञानाचीं दोन-तीन प्रकरणें एकत्र येतात. तीं ज्यास उमगलीं नाहींत तो तासन् तास खटपट करितो, अखेर कंटाळतो, आणि हाताला लागेल तो दुसरा बोल्ट त्या जागीं आवळून मोकळा होतो. या दुसऱ्या बोल्टापासून केवढें भय आहे तें पुढें येईलच.

प्रथम सांगाडा पोकळ कां करितात तें पाहूं. फोर्ड कंपनीच्या १९०८ सालच्या 'मॉडेल टी' गाडीचा सांगाडा दाबून वळविलेल्या पोलादी पत्र्याचा असे, व त्याच्या तुळया एका बाजूनें उघड्या पन्हळीसारख्या होत्या. अशा पन्हळींत पडलेली वस्तु दिसे व हातालाहि लागे. मात्र उघडी पन्हळ पिळाला फार दुबळी. याचा पडताळा वर्गांत सहज घेतां येतो. पुठ्ठ्याची एक नळी घ्या, दोन्ही टोकें धरून पिळून पाहा. मग तिला कात्रीनें लांबीभर एक चीर द्या आणि पुन्हां पिळा. पुठ्ठा तोच, जाडी तीच, तरी चिरलेली नळी ओल्या फडक्यासारखी वळते. हिशेबच करावयाचा तर ५० मिलिमीटर बाजूची व २ मिलिमीटर जाड पत्र्याची पोलादी चौरस नळी पिळाला जेवढा विरोध करिते, त्याच्या चारशेंव्या हिश्शाहूनहि कमी विरोध तीच नळी चिरल्यावर करिते. खड्ड्यांच्या रस्त्यावर एक चाक वर व दुसरें खालीं अशा स्थितींत गाडीला हा पीळ सतत बसतो. म्हणून पुढील काळांत तुळया बंद पेटीसारख्या करूं लागले. ज्या गाड्यांना निराळा सांगाडाच नाहीं, उदाहरणार्थ २०१४ सालापर्यंत आपल्या देशांत तयार होत असलेली अॅम्बॅसडर, त्यांच्या अंगच्या पत्र्यांतच दारांखालीं व तळाशीं अशा बंद पोकळ्या घडविलेल्या असतात.

पेटी बंद म्हटली तरी तींत भोंकें असतातच. गाडीचें अंग रंगाच्या हौदांत बुडविलें असतां रंग आंत शिरावा व निथळून जावा म्हणून, पावसाचें पाणी बाहेर पडावें म्हणून, पाना आंत घालतां यावा म्हणून तीं ठेवावीं लागतात. बोल्ट जातो तो यांपैकींच एखाद्यांतून.

बोल्ट पडल्याबरोबर करावयाची गोष्ट म्हणजे कांहींच न करणें. गाडी हलवूं नये, इंजिन चालू करूं नये, तुळईवर हातोडीनें ठोकूं नये. आवाज कोणत्या बाजूस गेला तें आठवावें व तेथें खडूनें खूण करावी. बोल्टाला एका टोकाशीं रुंद डोकें असल्यामुळें तो पेन्सिलीसारखा सरळ घरंगळत नाहीं. जमिनीवर लवंडलेला पेला जसा वाटोळा फिरतो तसा तो अर्धवर्तुळ काढून कडेच्या भिंतीस टेकतो. सबब बहुतेक वेळां तो पडल्या भोंकापासून हात-दीड हाताच्या आंतच सांपडतो. वॉशर सपाट पडला तर जागचा हलत नाहीं, पण कडेवर उभा पडला तर चाकासारखा दूर पळतो. आजकाल लवचिक नळीच्या टोकास बारीक दिवा व कॅमेरा बसविलेलें साधन स्वस्त मिळतें व त्याचें चित्र फोनवर पाहतां येतें. तें असेल तर अंदाज करीत बसण्याचें कारणच उरत नाहीं.

नंतर आठवण होते ती चुंबकाची. विद्यार्थी मोठ्या उत्साहानें चुंबक तुळईच्या बाहेरून लावून बोल्ट भोंकाकडे ओढूं पाहतात, आणि बोल्ट तसूभरहि हलत नाहीं. याचें कारण असें कीं, चुंबकाच्या क्षेत्ररेषांना हवेपेक्षां पोलादांतून जाणें फार सुलभ. त्या पत्र्यांत शिरतात आणि पत्र्यांतूनच वळून दुसऱ्या ध्रुवाकडे परत येतात. पलीकडे पोकळींत फारच थोड्या पोंचतात. पत्रा पातळ व चुंबक अतिशय बळकट असेल तर पत्र्याची धारणशक्ति संपते व कांहीं रेषा आंत निसटतात खऱ्या. परंतु तसला चुंबक स्वतःच पत्र्याला असा चिकटून बसतो कीं तो सरकवितां सरकत नाहीं. हीच पोकळी अॅल्युमिनियमची असेल तर मात्र सारेंच पालटतें. जर्मनींतील ऑडी कंपनीनें १९९४ सालीं 'ए-आठ' ही गाडी आणली, तिचा सांगाडा अॅल्युमिनियमचा होता. अॅल्युमिनियम क्षेत्ररेषांना अडवीत नाहीं. तेथें पडलेला पोलादी बोल्ट बाहेरून चुंबक फिरवून, कळसूत्री बाहुलीप्रमाणें, हवा तिकडे नेतां येतो.

पोलादी तुळईंत चुंबक आंतच घातला पाहिजे. येथें दुसरी चूक होते ती मोठ्या चुंबकाच्या हौसेची. जपानांत मासातो सागावा यांनीं १९८२ सालीं नियोडिमियम, लोखंड व बोरॉन यांपासून जो चुंबक सिद्ध केला त्यानें बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यांत पूर्वी कधीं नव्हतें असें बळ आणलें. परंतु बळ कितीहि असो, तें अंतराबरोबर फार झपाट्यानें ओसरतें. लहान चुंबकापासून दूर असलेल्या लोखंडाच्या तुकड्यावरील ओढ, अंतर दुप्पट होतांच निम्मी होत नाहीं, चौथा हिस्साहि राहत नाहीं. ती सुमारें सव्वाशेंव्या हिश्शावर येते. क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणांत क्षीण होतें, त्या क्षीण क्षेत्रानें लोखंडांत उपजणारें चुंबकत्वहि तितकेंच क्षीण असतें, आणि ओढ या दोहोंवर अवलंबून असल्यामुळें ती अंतराच्या सातव्या घाताप्रमाणें घटते. वरच्या वर्गांतील मुलांनीं हें कागदावर मांडून पाहावें. दुप्पट बळाचा चुंबक आणण्यापेक्षां आहे तोच चुंबक बोटभर पुढें नेण्यांत कितीतरी अधिक लाभ आहे हें यावरून कळेल.

शिवाय उघडा चुंबक काडीला बांधून पोकळींत घातला तर तो वाटेंतच भिंतीस चिकटतो. सोडवावा तर समोरच्या भिंतीस चिकटतो. यावरचा उपाय वर सांगितलेल्या नियमांतच आहे. अंतरानें ओढ झपाट्यानें घटत असेल तर चुंबक व भिंत यांमध्यें थोडें अंतर ठेवावें, म्हणजे झालें! रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या जाड नळीच्या टोकांत चुंबक असा बसवावा कीं त्याचें तोंड तेवढें उघडें राहील व चहूं बाजूंस चार-पांच मिलिमीटर जाड आवरण येईल. अशी नळी भिंतीशीं घासत गेली तरी अडकत नाहीं आणि बोल्टास मात्र समोरून धरते. बाजारांत मिळणाऱ्या, दुर्बिणीसारख्या लांब होणाऱ्या चुंबककाठीलाहि असेंच आवरण घालून घ्यावें. तिच्या धातूच्या काठीमुळें जवळची वीजवाहक तार दुखावूं नये म्हणून बॅटरीची ऋण बाजूची जोडणी आधीं सोडवावी.

बोल्ट धरला गेला म्हणजे काम झालें असें नव्हे. तो आंत गेला तेव्हां टोकाकडून उभा गेला. चुंबक त्याला कमरेशीं धरून आडवा आणतो, आणि आडवा बोल्ट भोंकांतून निघत नाहीं. पुष्कळांची निराशा अगदीं या दारांतच होते. चुंबक बारीक व लांबट असला तर बोल्ट क्षेत्ररेषांच्या दिशेनें वळतो व टोकाशीं धरला जाण्याचा संभव वाढतो. तरीहि आडवाच आला तर त्यास चुंबकानें भोंकाच्या तोंडाशीं धरून ठेवावें आणि बारीक तांब्याच्या तारेचा फांस डोक्याखालीं अडकवून, चुंबक हळूच सोडून, तारेनें वर घ्यावें. तांब्याची तार अशासाठीं कीं ती चुंबकाला चिकटून घोटाळा करीत नाहीं. या कामाला दोघे असलेले बरे. एकानें धरावें, दुसऱ्यानें गुंतवावें.

कांहीं बोल्ट चुंबकाला मुळींच दाद देत नाहींत. पितळेचे तर नाहींतच, पण न गंजणाऱ्या पोलादाच्या ज्या जातींत क्रोमियमबरोबर निकेलहि असतें, त्यांतील बहुतेक बोल्टहि ओढले जात नाहींत. तेथें काठीच्या टोकास दाट ग्रीस अगर चिकट लांबी लावून ते उचलावे. ग्रीसचा गोळा हें जुन्या मिस्त्रींचें साधन आहे व माझ्या मतें तें चुंबकाहून कमी प्रतीचें नाहीं.

सारे उपाय थकले म्हणजे कोणीतरी सुचवितो कीं, खालून एक मोठें भोंक पाडावें. या सल्ल्याचा विचार जपून करावा. तुळई भारानें वांकते तेव्हां तिची एक कड दाबली जाते व दुसरी ताणली जाते; मधल्या उंचीवर मात्र असा एक थर असतो कीं जेथें वांकण्यामुळें ताणहि नसतो व दाबहि नसतो. कारखान्यानें आपलीं मोठीं भोंकें बहुधा उभ्या बाजूवर मध्याच्या आसपास ठेविलेलीं असतात तीं यामुळेंच. खालचा पत्रा हा ताण व दाब सोसणारा भाग. तेथें पाडलेल्या भोंकाच्या कडेपासून पुढें तडा सुरू होऊं शकतो. भोंक पाडून तें वेल्डिंगनें बुजवावें म्हटलें तर उष्णतेनें उच्च प्रतीच्या पोलादाचें बळ त्या जागीं कमी होतें. एका बोल्टासाठीं सांगाडा दुबळा करणें हा सौदा कोणीहि करूं नये.

मग बोल्ट आंतच राहिला तर? राहूं द्यावा. तो खडखडेल, आंतल्या रंगाचा थर घासून टाकील, एखादें पाण्याचें भोंक अडवून गंजास वाव देईल. म्हणून काढलेला चांगला. पण बंद तुळईंतला बोल्ट सुकाणूंत किंवा ब्रेकांत जाऊन अडकत नाहीं. पडलेला बोल्ट काढणें हा एक प्रश्न आणि रिकामी जागा योग्य बोल्टानें भरणें हा दुसरा. यांपैकीं दुसरा प्रश्न माणसांच्या जिवाशीं निगडित आहे.

बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असे आंकडे कोरलेले असतात. ८.८ मधील पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण सोसून मग तो तुटेल. दुसरा ८ म्हणजे त्या ताणाच्या आठ-दशांशावर, ६४० न्यूटनांवर, तो कायमचा लांबूं लागेल. साधा ४.६ प्रतीचा बोल्ट २४० न्यूटनांवरच लांबूं लागतो. १० मिलिमीटर जाडीचे दोन बोल्ट शेजारी ठेवले तर डोळ्यांना सारखे दिसतील, परंतु ८.८ चा बोल्ट तोडण्यास सुमारें ४,७०० किलोग्रॅम वजनाइतका भार लागेल, ४.६ चा त्याच्या निम्म्यांत तुटेल. आसनपट्टा जेथें सांगाड्याला जखडतात तेथें बहुतेक गाड्यांत सात-सोळांश इंच जाडीचा, इंचाला २० आट्यांचा बोल्ट असतो. मीटर पद्धतीच्या गाडींतहि ही इंचाची पद्धत टिकून आहे. पेटाऱ्यांतला १० मिलिमीटरचा बोल्ट तेथें सैल बसतो, १२ चा दामटला तर आटे मोडतात. दोहोंपैकीं कोणताहि घातला तरी पट्टा दिसावयाला जागच्या जागीं असतो, आणि त्याची परीक्षा होते ती अपघाताच्या क्षणीं. म्हणून आंत गेलेला बोल्ट मिळाला नाहीं तर त्याच गाडीचा, त्याच प्रतीचा नवा आणीपर्यंत गाडी उभी ठेवावी. मालक कितीहि घाई करो.

विद्यार्थ्यांनीं हें काम एकट्यानें करूं नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं शिरणें प्राणावर बेततें. खालीं लोखंडी घोडे लावलेच पाहिजेत. आसनपट्ट्याच्या यंत्रांत पट्टा खेंचून धरण्यासाठीं पुष्कळ गाड्यांत स्फोटक द्रव्याची लहानशी कुपी असते. तेथें जाणत्या मिस्त्रीशिवाय हात घालूं नये. शाळेंत सराव करावयाचा तर खिडक्यांचे गज बनविणाऱ्याकडून चौरस नळीचा हातभर तुकडा आणावा, त्यास एक भोंक पाडावें, दोन्ही टोकें लांकडानें बंद करावीं आणि आंत बोल्ट टाकून एकमेकांना काढावयास सांगावें.

बाहेर आलेला बोल्ट लागलीच बसवूं नये. सांगाड्याच्या पोकळींत धूळ, मेण व गंजाची भुकटी असते. ती आट्यांत राहिली तर बोल्ट आवळल्यासारखा वाटतो पण आवळलेला नसतो. आटे घासलेटानें धुवावे, फडक्यानें कोरडे करावे, एखादा आटा दबला असल्यास बोल्ट टाकून द्यावा. कांहीं बोल्ट एकदांच आवळावयाचे असतात; ते सांपडले तरी नवेच घालावे. बोल्ट पुन्हां बसवितांना पान्याच्या खोबणींत कागदाचा कपटा किंवा ग्रीसचा ठिपका ठेवावा, म्हणजे तो तेथें घट्ट धरून राहतो, आणि काम संपेपर्यंत जवळचीं सारीं भोंकें चिंध्यांनीं बुजवून ठेवावीं. किती चिंध्या घातल्या त्या आधीं मोजाव्या आणि शेवटीं तितक्याच बाहेर काढाव्या.