बोअरचं पाणी उकळलं की भागतं?

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्यात नायट्रेट जास्त निघालं. घरात चार महिन्यांचं बाळ आहे. सासूबाई म्हणतात, पाणी उकळलं की भागतं. खरं का?
– एक वाचक, जिंतूर तालुका, जि. परभणी

उत्तर : सासूबाईंचं म्हणणं जंतूंपुरतं खरं आहे. नायट्रेट मात्र पाण्यात विरघळलेलं असतं. उकळताना वाफ निघून जाते, ते भांड्यातच राहतं. उलट त्याचं प्रमाण वाढतं. तुरटीनंही ते जात नाही.

बाळ फक्त अंगावर पीत असेल, तर घाबरू नका. आईच्या दुधात नायट्रेट फारसं उतरत नाही.

पावडरचं दूध देत असाल, तर या बोअरचं पाणी वापरू नका. तपासलेल्या दुसऱ्या स्रोताचं किंवा आरओचं पाणी घ्या आणि ते उकळून वापरा. भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेट पोटात गेल्यास तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. ओठ, नखं निळसर दिसली तर लगेच दवाखाना गाठा.

बोअरलगतचा उकिरडा, गोठ्याचं सांडपाणी, शौचालयाचा शोषखड्डा आणि शेतातला जादा युरिया ही नायट्रेटची नेहमीची कारणं. उकिरडा दूर हलवा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून पावसाळ्यानंतर नमुना पुन्हा तपासून घ्या. शेजाऱ्यांच्या बोअरचाही द्या.