ध्वनिमुद्रणातील निःशब्द जागा

ध्वनिमुद्रण म्हणजे आवाज साठवणे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु ओव्या, लोककथा किंवा एखाद्या वृद्धाची मुलाखत मुद्रित करू लागलेल्या विद्यार्थ्यास लवकरच कळून येते की, मुद्रणाचा बराचसा भाग निःशब्दच असतो. या रिकाम्या जागांचे काय करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे. उदाहरणादाखल ऑडॅसिटी ही २००० साली प्रथम उपलब्ध झालेली विनामूल्य संगणक-प्रणाली घेतली आहे.

प्रथम, या जागा गाळण्याचा मोह का होतो ते पाहू. सेकंदाला ४४,१०० नमुने व प्रत्येक नमुन्यास १६ बिट, या प्रमाणात आवाज न दाबता साठवला, तर मोनो मुद्रणास मिनिटाला सुमारे ५ मेगाबाइट लागतात. बोलणारा गप्प बसला तरी नमुने घेतले जातच असतात. म्हणजे शांततेलाही बोलण्याइतकीच जागा लागते; शिवाय ऐकणाऱ्याचा वेळ जातो तो वेगळाच.

यावर तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग म्हणजे आवाज होताच मुद्रण सुरू व्हावे आणि शांतता होताच थांबावे, अशी योजना. त्यासाठी आवाजाचा एक उंबरठा ठरवावा लागतो. संगणकात कमाल पातळी शून्य डेसिबल मानतात व इतर पातळ्या उणे आकड्यांत मोजतात. उणे ५० हा उंबरठा ठेवला, तर त्याहून हळू ते सारे निःशब्द ठरते. यात हळू उच्चारलेले आद्याक्षर गळण्याचा धोका असतो, आणि जे मुद्रितच झाले नाही ते पुन्हा मिळत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे सर्व मुद्रित करून मागाहून जागा आखूड करणे. येथे उंबरठ्याबरोबर किमान अवधीही ठरवावा लागतो. तो फार लहान ठेवू नये. ‘मका’ आणि ‘मक्का’ या शब्दांत ‘क’पूर्वीचा क्षणभराचा अटकाव कमीअधिक असतो. तोही एक निःशब्द तुकडाच आहे. तो कापला गेला की शब्दच बदलतो.

तिसरा मार्ग म्हणजे काहीही न कापता प्रत्येक जागेवर खूण करून ठेवणे. अभ्यासकाला हाच सर्वांत सोयीचा.

कारण प्रत्येक शांतता रिकामी नसते. १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारल्यावर एखाद्या आजीबाई आठ-दहा सेकंद गप्प राहिल्या, तर ते मौन उत्तराचाच भाग होय. ते यंत्राने दोन सेकंदांवर आणले, तर पुढील अभ्यासकास त्या चटकन बोलल्या असेच वाटेल. यंत्र केवळ पातळी मोजते. थांबण्याचे कारण त्याला कळत नाही. उलट ओव्यांच्या दोन ओळींमध्ये जात्याची घरघर चालू असली, तर ती जागा त्याला निःशब्द वाटणारच नाही.

तेव्हा पुढील पथ्ये पाळावीत. मुद्रणापूर्वी कोणी न बोलता खोलीचा दहा सेकंद आवाज घ्यावा. त्याच्या पातळीहून थोडा वर उंबरठा ठेवावा. मूळ मुद्रण अखंड जपून काटछाट प्रतीवरच करावी. एखाद्या जागी खोकला वा दाराचा आवाज काढून टाकावयाचा असेल, तर तेथे कोरी शांतता न भरता खोलीचाच आवाज भरावा. नाहीतर कानाला खळगा जाणवतो. आणि प्रतीत कोठे किती कापले, याची नोंद मूळ मुद्रणासोबत ठेवावी.