गुठळी ओढून काढणारा फुगा कोणी बनवला?

प्रश्न : गेल्या वर्षी एका संध्याकाळी माझ्या आईचा पाय अचानक गार पडला, पांढराफटक झाला आणि असह्य दुखू लागला. हृदयातून सुटलेली रक्ताची गुठळी पायाच्या धमनीत अडकल्याचं निदान झालं. सर्जननी जांघेत छोटा छेद घेतला, टोकाला फुगा असलेली बारीक नळी आत सरकवली आणि गुठळी ओढून काढली. आईचा पाय वाचला. ही नळी कोणाला सुचली? हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची अशी उपकरणं डॉक्टर शोधतात की इंजिनिअर? आपल्या देशात असं काही घडलं आहे का? माझी भाची यंदा बारावीला आहे आणि तिला हेच काम करायचं आहे, म्हणून मुद्दाम विचारते.
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या आईचा पाय वाचवणाऱ्या नळीला फोगार्टी कॅथेटर म्हणतात. ती बनवणारे थॉमस फोगार्टी तेव्हा अजून सर्जन झालेले नव्हते आणि इंजिनिअरही नव्हते. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात ते शिकत होते. घरची परिस्थिती बेताची, वडील लहानपणीच गेलेले. शाळेत असल्यापासूनच त्यांनी तिथल्या गुड समॅरिटन हॉस्पिटलात पडेल ते काम धरलं. साफसफाईपासून सुरुवात करून ते ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनच्या हाताशी अवजारं देणारे सहायक झाले. रक्तवाहिन्यांचे सर्जन डॉ. जॅक क्रॅन्ली यांनी त्यांना पुढे मेडिकल शिकायला उभं केलं.

थिएटरमध्ये त्यांनी जे पाहिलं, त्यातून ही नळी आली. त्या काळी पायात गुठळी अडकली की धमनी दोन-तीन ठिकाणी उघडावी लागे. गुठळी चिमट्याने आणि सक्शनने तुकड्या-तुकड्याने काढायची, धमनी धुवायची, मग शिवायची. यात तास न् तास जात. हे रुग्ण बहुधा आधीच हृदयविकाराचे, म्हणजे एवढ्या मोठ्या ऑपरेशनचा ताण न सोसणारे. पुष्कळांचा पाय जाई, कित्येकांचा जीवही जाई. फोगार्टींना एकच गोष्ट खटकत होती. गुठळीपर्यंत छेद घेत जाण्यापेक्षा गुठळीलाच आपल्याकडे का ओढू नये?

त्यासाठी गुठळीच्या पलीकडे जाईल इतकं बारीक आणि तिथे पोचल्यावर मोठं होईल असं काहीतरी हवं होतं. त्यांनी मूत्रवाहिनीत घालायची लवचीक नळी घेतली आणि तिच्या टोकाला सर्जनच्या रबरी हातमोज्याच्या बोटाचं टोक कापून बसवलं. अडचण आली ती जोडाची. नळीच्या प्लॅस्टिकवर रबर चिकटवणारा गोंद मिळेना. फोगार्टींना लहानपणापासून मासेमारीचा नाद होता. गळावर पिसं आणि बारीक दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायची सवय बोटांना होती. त्याच गाठी मारून त्यांनी घराच्या माळ्यावर बसून फुगा नळीला बांधला. फुगा फार ताणला की फुटे, कमी फुगला की गुठळी निसटे. योग्य जाडी आणि योग्य ताण सापडेपर्यंत त्यांनी असे फुगे बांधले आणि फोडले. १९६१ मध्ये ही नळी पहिल्यांदा माणसावर वापरली गेली आणि १९६३ मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

आता तुमच्या आईच्या बाबतीत आत नेमकं काय झालं असेल, ते पाहू. रक्त आणखी गोठू नये म्हणून आधी हेपॅरिन दिलं जातं. जांघेतली धमनी मोकळी करून तिच्यावर लहान काप घेतात. फुगा रिकामा ठेवून नळी गुठळीतून पार पुढे, पोटरीपर्यंत सरकवतात. मग सिरिंजने फुग्यात सलाइन भरतात. मधल्या आकाराच्या नळीला फक्त पाऊण मिलिलिटर पुरतं. यापुढचं काम सर्जनच्या बोटांचं. एका हाताने नळी हळूहळू मागे ओढायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने सिरिंजवरचा दाब कमी-जास्त करत राहायचं, कारण धमनी वर रुंद आणि खाली अरुंद असते. फुगा जास्त फुगला तर धमनीचं आतलं अस्तर खरवडलं जातं, कमी फुगला तर गुठळी मागे राहते. गुठळी कापाच्या तोंडाशी आली की काळपट लाल, लांबट गोळा बाहेर पडतो आणि त्याच्यामागून रक्त येऊ लागतं. वाट मोकळी झाल्याची ती खूण. बरेचदा हे सगळं रुग्णाला पूर्ण भूल न देता, फक्त ती जागा बधिर करून करता येतं.

इथे सगळ्या वाचकांसाठी एक सूचना. हात किंवा पाय अचानक गार, पांढरा आणि बधिर पडून दुखू लागला, तर तेल चोळत किंवा शेकत बसू नका. साधारण सहा तासांच्या आत रक्तप्रवाह सुरू झाला तर पाय वाचण्याची शक्यता चांगली असते. पुढचा प्रत्येक तास महाग पडतो.

डॉक्टर की इंजिनिअर?

फोगार्टींची नळी तयार झाली, पण ती बनवून विकायला कंपन्या तयार नव्हत्या. एका शिकाऊ डॉक्टरने हातमोज्याच्या बोटापासून केलेली वस्तू कोणी मनावर घेईना. पुढच्या प्रशिक्षणासाठी ते ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहरात गेले आणि तिथे त्यांची गाठ डॉ. अल्बर्ट स्टार यांच्याशी पडली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच शहरात मिळतं.

१९५८ मध्ये लॉवेल एडवर्ड्स नावाचे साठीचे गृहस्थ स्टार यांना भेटायला आले होते. ते हायड्रॉलिक्सचे इंजिनिअर. विमानाच्या इंधनपंपाचं पेटंट त्यांच्या नावावर होतं. त्यांना कृत्रिम हृदय बनवायचं होतं. तिशीतल्या स्टार यांनी त्यांना सांगितलं की हृदयाचं राहू द्या, आधी एक झडप करू या. दोन वर्षांत पिंजऱ्यात खालीवर होणाऱ्या चेंडूची झडप तयार झाली आणि १९६० मध्ये ती रुग्णाच्या हृदयात यशस्वीपणे बसली. दाबाखाली द्रव कसा वाहतो, हे एडवर्ड्स जाणत होते. ती झडप कुठे आणि कशी शिवायची, रक्त तिच्यावर कुठे गोठेल, हे स्टार जाणत होते. दोघांपैकी एकट्याच्या हातून हे झालं नसतं. याच स्टार यांच्या शब्दावरून एडवर्ड्स यांच्या कंपनीने फोगार्टींची नळी बनवायला घेतली आणि ती जगभर पोचली.

इतर उपकरणांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. ह्यूस्टनचे सर्जन मायकेल डीबेकी यांनी दुकानातून डेक्रॉनचं कापड आणून घरच्या शिलाई मशीनवर कृत्रिम धमनी शिवली. अँड्रियास ग्रुंटझिग यांनी झुरिकमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर फुग्याचे कॅथेटर बनवले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यातल्याच फुग्याने हृदयाच्या धमनीतली जगातली पहिली अँजिओप्लास्टी केली. अर्जेंटिनात जन्मलेले डॉ. हुलिओ पाल्माझ ग्रुंटझिग यांच्या व्याख्यानाला बसले होते. फुग्याने उघडलेली धमनी पुन्हा मिटू शकते, हे ऐकून आतून आधार देणारी जाळी त्यांच्या डोक्यात आली. गिलाव्याआधी भिंतीवर ठोकतात त्या धातूच्या जाळीचा तुकडा त्यांना गॅरेजमध्ये सापडला. पत्र्याला चिरा पाडून तो ताणला की जाळी उघडते आणि उघडलेलीच राहते. आज लाखो रुग्णांच्या छातीत असलेल्या स्टेंटमागे हे तत्त्व आहे.

या सगळ्यांमध्ये एक गोष्ट समान दिसते. अडचण काय आहे, हे त्यांनी रुग्णाजवळ उभं राहून पाहिलं होतं आणि वस्तू हाताने करून पाहण्याची त्यांना सवय होती. ज्याच्याकडे यातली एकच गोष्ट होती, त्याने दुसरी असलेला माणूस शोधला.

आपल्या देशात काय झालं?

आपल्याकडचं सगळ्यात मोठं काम तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत झालं. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब झालेले तरुण रुग्ण आपल्या देशात खूप. परदेशी झडपेची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेर. संस्थेचे संचालक, हृदयशल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन यांनी ठरवलं की झडप इथेच बनवायची. पूजपुरा भागातल्या जुन्या सॅटेलमंड राजवाड्यात प्रयोगशाळा थाटली गेली आणि जी. एस. भुवनेश्वर यांच्यासारखे इंजिनिअर कामाला लागले.

झडपेची कल्पना समजायला सोपी आहे. गोल चौकटीत एक चकती तिरकी होते, रक्त पुढे जाऊ देते आणि पुन्हा मिटते. अवघड आहे ते टिकण्याचं गणित. हृदय मिनिटाला ७२ ठोके धरले, तर दिवसाला एक लाखाहून जास्त आणि वर्षाला पावणेचार कोटींहून जास्त वेळा ही चकती उघडते आणि मिटते. दहा वर्षांत हा आकडा ३७ कोटींच्या पुढे जातो. एकदाही अडकून चालत नाही.

पहिल्या नमुन्यात चकतीला धरून ठेवणारा धातूचा आकडा चौकटीला वेल्ड केलेला होता. चाचणीत तो वेल्डपाशीच तुटला. दुसऱ्यात टायटॅनियमची अखंड चौकट आणि कृत्रिम नीलमची चकती घेतली. कठीण नीलमने टायटॅनियम झिजवून टाकलं. तिसऱ्यात कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची चौकट केली, तर मेंढीच्या हृदयात बसवल्यावर चकतीच फुटली. चौथ्या वेळी त्यांनी चकती बदलली. कृत्रिम सांध्यांमध्ये वापरतात तसं अतिशय चिवट पॉलिएथिलीन घेतलं. ही झडप टिकली. यंत्रावर कोट्यवधी वेळा उघडमीट करून, मेंढ्यांमध्ये बसवून तिची परीक्षा झाली आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती पहिल्या रुग्णाच्या हृदयात बसली. प्रेशर कुकरमुळे घरोघरी माहीत असलेल्या टीटीके समूहाने तिचं उत्पादन हाती घेतलं. आजवर ती एक लाखाहून अधिक रुग्णांना बसवली गेली आहे.

तीन नमुने फसले, हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो आहे. ते फसले प्रयोगशाळेत आणि मेंढीत, माणसात नाही. या क्षेत्रातली खरी कर्तबगारी तीच आहे. नव्वदच्या दशकात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि हैदराबादचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांनी संरक्षण संशोधनातलं धातूंचं ज्ञान वापरून कमी खर्चाचा कलाम-राजू स्टेंट बनवला. तिथेही डॉक्टर आणि इंजिनिअर अशीच जोडी होती.

फोगार्टींची नळी माळ्यावरून थेट थिएटरमध्ये गेली, तसं आज होऊ शकत नाही आणि होऊही नये. अमेरिकेने उपकरणांसाठी वेगळा कायदा १९७६ मध्ये केला. आपले वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे. त्यांत उपकरणांचे ए ते डी असे चार वर्ग आहेत, आणि झडप व स्टेंट सर्वाधिक जोखमीच्या डी वर्गात येतात. साहित्य, यंत्रावरची चाचणी, प्राणी, मग मोजक्या रुग्णांवरची पाहणी, अशा पायऱ्या चढाव्या लागतात. त्यात बरीच वर्षं जातात. हा उशीर काही तरुणांना जाचक वाटतो. पण छातीत बसवलेली वस्तू बिघडली तर ती काढून बदलण्यासाठी पुन्हा छाती उघडावी लागते. म्हणून हा वेळ मला वाया गेलेला वाटत नाही.

भाचीने काय करावं?

मेडिकल की इंजिनिअरिंग, हे तिच्या आवडीवर सोडा. बायोमेडिकल इंजिनिअरिंग हाही चांगला मार्ग आहे. मुंबईत आयआयटीमध्ये २०१४ पासून राज्य सरकारच्या मदतीने बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र चालतं. पुण्याचं सीओईपी आणि नागपूरचं व्हीएनआयटी त्याच्याशी जोडलेलं आहे. तिथे डॉक्टर आपली अडचण मांडतात आणि विद्यार्थी त्यावर नमुने बनवतात. तिने एकदा जाऊन पाहावं.

इंजिनिअर झाली तर हॉस्पिटलात परवानगी घेऊन उभं राहायला शिकावं. नर्स आणि थिएटरमधले सहायक कशावर वैतागतात, हे कान देऊन ऐकावं. डॉक्टर झाली तर करवत, सोल्डरिंग आणि शिलाई हाताखालून जाऊ द्यावी. कुठल्याही वाटेने गेली तरी आपला नमुना स्वतःच मोडून पाहायची तयारी ठेवावी. आणि तुम्ही घरच्यांनी तिला वेळ द्या. चित्रा झडपेला दहा वर्षांहून जास्त लागली, तेव्हा दोन-तीन वर्षांत काही हाती आलं नाही म्हणून तिला दुसरी नोकरी धरायला लावू नका.